सहा बुधवार

लेंत जवळ आला की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, एक प्रश्न फिरायला लागतो. "बाई, यंदा काय सोडणार?" लेंत म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, आम्हा ख्रिस्ती लोकांचे उपासाचे आणि स्वतःच्या मनात डोकावून बघायचे. कोणी मटण सोडतं, कोणी चहा. एक बाई दर वर्षी टीव्हीवरच्या मालिका सोडतात आणि शेजारणीकडून रोजची गोष्ट तपशीलवार ऐकून घेतात. मी हसून वेळ मारून नेते. मला काय सोडायला हवं ते मला चांगलं ठाऊक आहे, पण जित्याची खोड म्हणतात त्यातलं ते आहे. मला लोकांना सांगायची खोड आहे. असं करा, तसं करू नका, आधी हे, मग ते. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यात जिभेला जे वळण पडलं ते पडलं.

हे दिवस मला आवडत नाहीत, हेही एकदा सांगून टाकते. पनवेलात ना धड थंडी ना धड उन्हाळा. पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटते आणि दहा वाजता डोकं तापतं. गाढी नदी आटून डबक्याडबक्यांवर येते, त्यांवर हिरवी साय धरते. चर्चच्या आवारातल्या बदामाची पानं लाल होऊन गळतात, झाडणाऱ्याने दोनदा झाडली तरी पायाखाली कुरकुरतात. खाडीकडून वारा आला की चिखलाचा वास, हायवेकडून आला की डंपरची धूळ. परीक्षा जवळ आलेली मुलं गच्चीवर पुस्तक घेऊन येरझाऱ्या घालतात आणि ओठ हलवत असतात. आंब्याला मोहोर येतो, त्याचा चिकटा खाली उभ्या केलेल्या स्कूटरींवर पडतो. लोकांना मोहोर बघून कैऱ्या आठवतात. मला भास्करभाऊ आठवतात.

भास्करभाऊ आमच्या मंडळीतले, बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. मूळचे नगरकडचे, पण पस्तीस वर्षं पनवेलात काढल्यामुळे बोलणं इथलं झालेलं, 'हाय' आणि 'नाय'चं. सुकापूरला एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढ्यात एकटे राहायचे. बायको लवकर गेलेली. रविवारी उपासनेला शेवटच्या बाकावर, दाराशी बसायचे. नखांतलं काळं ग्रीस कधीच गेलं नाही, त्यामुळे गीतांचं पुस्तक ते बोटांच्या टोकांनी धरायचे, पान मळू नये म्हणून.

त्यांना एकच मुलगी, शलोमी. पाचवीत माझ्या वर्गात होती. हुशार, आणि बापासारखीच हट्टी. तिने पुढे मंडळीबाहेरच्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा चांगला होता, हे आता सगळे म्हणतात. तेव्हा कोणी म्हणालं नाही, मीही नाही. लग्न करून दोघं पाया पडायला आली तर भास्करभाऊ दारात आडवे उभे राहिले आणि म्हणाले, परत ह्या घराची पायरी चढायची नाय. ती चढली नाही. आठ वर्षं गेली. ती राहायची खारघरला, एका उंच इमारतीत. रिक्षाने गेलं तर अर्धा तास. तिला मुलगी झाली, हे भास्करभाऊंना डेपोतल्या एका कंडक्टरकडून कळलं.

आता माझं सांगते. शाळेतून निवृत्त झाले आणि एकाएकी मला कोणी काही विचारेनासं झालं. आयुष्यभर ज्या बाईला सकाळपासून चाळीस प्रश्न यायचे, तिला दूधवाला फक्त "उद्या किती?" एवढंच विचारायचा. त्यात आमच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, चौघांना खारघरला प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता ख्रिस्ती कोचिंग. पनवेलात कोचिंग म्हटलं की दहावी-बारावीचे क्लास. शेजारचे जोशी म्हणाले, "वा, क्लास काढताय होय बाई? गणित घ्या, गणिताला मरण नाही." त्यांना समजावताना मला घाम फुटला, कारण मलाच नीट समजलं नव्हतं.

शिकवायला एक गृहस्थ बंगळुरूहून आले होते. ते इंग्रजीत बोलायचे आणि एक तरुण पाळक मराठीत सांगायचा. सांगणं साधं होतं. देवाने प्रत्येक माणसाच्या मनात पुढची वाट ठेवलेली असते. ती त्याला अंधूक का होईना दिसते, तुम्हाला दिसत नाही. उपदेश करणारा पुढे चालतो. कोचने बाजूने चालायचं. विचारायचं, ऐकायचं, प्रार्थना करायची आणि तो म्हणेल ते पाऊल त्याला टाकू द्यायचं. मग आठवड्याने विचारायचं की टाकलं का. सांगायचं मात्र नाही. मला एका बँकेतल्या माणसाबरोबर सरावाला बसवलं. त्याला वजन कमी करायचं होतं. मी चार मिनिटं कशीबशी तग धरली आणि पाचव्या मिनिटाला म्हणाले, "अहो, तुम्ही आधी रात्रीचा भात बंद करा बघू." बंगळुरूचे गृहस्थ मागे उभे होते. ते हसून काहीतरी म्हणाले. तरुण पाळकाने मराठीत सांगितलं, "बाई, ते म्हणतात, तुम्ही परत पुढे चालायला लागलात." सगळे हसले. मीही हसले. मनाशी म्हटलं, सुधारेन.

आणखी एक नियम होता. जो आपल्याकडे बोलेल त्याचं बोलणं आपल्यापाशीच राहील. घरच्यांना नाही, पाळकांना नाही, त्याच्या नातेवाइकांना तर नाहीच. आम्ही त्याखाली सह्या केल्या.

कोणी म्हणेल हे सगळं थोतांड. नाही हो. माझ्याकडे बोलून बोलून दोन बाया उभ्या राहिल्या. एकीने नर्सिंगचा अर्धवट सोडलेला कोर्स पुरा केला, दुसरी नवऱ्यासमोर पहिल्यांदा 'नको' म्हणाली. मी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं, फक्त विचारलं होतं. एखाद्याचं कोणी मन लावून ऐकलं की तो आपल्याच बोलण्याने शहाणा होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वस्तू चांगलीच होती. हात माझे होते.

दोन हजार बारा-तेराच्या सुमाराची गोष्ट. राखेचा बुधवार होता, लेंतचा पहिला दिवस. राखेचा म्हणतो, पण आमच्या मंडळीत कपाळाला राख लावायची पद्धत नाही, नुसती संध्याकाळची उपासना असते. ती संपली आणि लोक पांगले. मी बदामाखालच्या बाकावर चपलेचा पट्टा लावत बसले होते. भास्करभाऊ समोर येऊन उभे राहिले. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. दाढी केलेली, हनुवटीला ब्लेडचा बारीक कापा. म्हणाले, "बाई, तुमी ते कोचिंगचं करता ना. मला जरा बोलायचंय."

मी सरकून जागा दिली. शिकवल्याप्रमाणे गप्प बसले.

"मला शलोमीकडं जायचंय," ते म्हणाले. "माफी मागायचीय तिची. आणि पोरीला बघायचंय, तिच्या."

"कधी जायचंय?" मी विचारलं. प्रश्न बरोबर होता. प्रशिक्षणात अगदी हाच प्रश्न शिकवला होता.

"आत्ता," ते म्हणाले. "नाक्यावर रिक्षा भेटंल ना? साडेसहा तर वाजलेत."

इथे मी फक्त एवढंच विचारायचं होतं की मग अडलंय कुठे. ते म्हणाले असते, भीती वाटते. मी म्हणाले असते, मी नाक्यापर्यंत येऊ का? बस, एवढंच काम होतं कोचचं. सात वर्षं हे संभाषण मी मनात असं पुरं करते.

पण मी म्हणाले, "थांबा भाऊ. असं घाईने नको."

का म्हणाले, ते प्रामाणिकपणे सांगते, कारण आता लपवून काय मिळवायचं. अर्धं कारण काळजीचं होतं. आठ वर्षांचा अबोला, हा माणूस तापट, दारात जाऊन भलतंच बोलून बसला तर होतं तेही जाईल, असं वाटलं. उरलेलं अर्धं कारण माझ्या हौसेचं होतं. त्याच क्षणी माझ्या डोळ्यांसमोर ईस्टरची सकाळ आली. लेंतच्या पहिल्या दिवशी सुरुवात आणि पुनरुत्थानाच्या दिवशी बाप-लेक एकत्र. मग पुढच्या रविवारी भास्करभाऊ मंडळीपुढे उभे राहून साक्ष देताहेत, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगताहेत, शलोमी पहिल्या बाकावर, आणि सगळे मान वळवून माझ्याकडे बघताहेत. किती छान जमत होतं. वेळापत्रक लावायची हौस, दुसरं काय.

"आपण तयारी करू," मी म्हणाले. "सहा बुधवार आहेत आपल्याकडे. दर बुधवारी एक पायरी. ईस्टरच्या दुपारी तुम्ही जा. तोपर्यंत मनही शांत होईल."

ते नाक्याच्या दिशेने बघत होते. मग म्हणाले, "तुमी म्हणता तर तसं. पोरीला तुमीच शिकवलंय, तुमाला कळतं." आणि निघून गेले, सुकापूरकडे, चालत.

पुढचे सहा बुधवार ते नेमाने माझ्या घरी आले. संध्याकाळी सहाला, ड्युटी संपवून, हातपाय धुऊन. चहा घ्यायचे नाहीत, त्यांनी लेंतात चहा सोडला होता. पहिल्या बुधवारचा अभ्यास मी दिला होता, शलोमीला काय म्हणायचं ते लिहून आणायचं. त्यांनी चौकटीच्या वहीत लिहून आणलं. वर्कशॉपमध्ये बस आली की ड्रायव्हरची तक्रार, केलेलं काम आणि तपासणाऱ्याची सही अशा तीन रकान्यांचा कागद भरतात. भास्करभाऊंना लिहायची तेवढीच सवय. तेव्हा माफीही त्यांनी तशीच लिहिली होती. तक्रार: दारात उभं राहून वाईट बोललो. काम: माफी मागणे. तक्रार: तिची आई नसताना तिला घराबाहेर ठेवलं. काम: माफी मागणे. तक्रार: नात झाली तरी गेलो नाही. काम: जाणे. तपासणाऱ्याच्या रकान्यात काहीच नव्हतं. मी वाचलं आणि, काय सांगू, लाल पेन घेतलं. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. 'वाईट बोललो'च्या खाली रेघ मारून लिहिलं, 'नेमकं काय?' जगातली सगळ्यात खरी माफी माझ्यासमोर होती आणि मी ती तपासायला घेतली.

दुसऱ्या बुधवारी त्यांनी ती परत लिहून आणली, वाक्यांत. चांगली झाली होती आणि त्यांची राहिली नव्हती. तिसऱ्या बुधवारी जावयासाठी प्रार्थना. चौथ्या बुधवारी, समजा शलोमीने दार उघडलंच नाही तर काय, त्याचा विचार. दर वेळी उठताना ते एकच विचारायचे. "मग बाई, आता जाऊ का?" जसं एखादं पोर पाणी प्यायला जाऊ का विचारतं तसं, सरळ. आणि मी म्हणायची, "अजून थोडं. छान चाललंय." खरंच छान चाललं होतं. मी पाळकसाहेबांनाही सांगून ठेवलं होतं, नाव न घेता, की ईस्टरनंतरच्या रविवारी एका साक्षीला दहा मिनिटं ठेवा.

मला आता वाटतं, त्या माणसाने कुणाचंच ऐकलं नव्हतं आयुष्यात. डेपोत साहेबांशी भांडायचा, मंडळीत कारभाऱ्यांशी. एकदाच ऐकलं, ते माझं.

पाचव्या बुधवारी आम्ही दोघं बाजारात गेलो, नातीसाठी फ्रॉक घ्यायला. ती पाच वर्षांची की सहा, हे त्यांना माहीत नव्हतं. दुकानदाराने मापं विचारली तर भास्करभाऊंनी हवेत हात धरला, कमरेएवढा. मग जरा वर नेला. मग म्हणाले, "तुमीच द्या अंदाजानं." पिवळा फ्रॉक घेतला. येताना उन्हाची झळ लागत होती, वडाळे तळ्याच्या कडेला ताडगोळेवाले बसायला लागले होते. ते एकदम म्हणाले, "शलोमीला ताडगोळे सोलून द्यायला लागायचे. नखानं साल काढता यायची नाय तिला." मी म्हणाले, "हे सांगा तिला. असं काहीतरी सांगा." पुन्हा सांगितलंच मी.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी तीन तास उपासना असते. त्या वर्षी पंखे बंद पडले होते, लोक पुठ्ठ्याने वारा घेत होते. भास्करभाऊ शेवटच्या बाकावर डोळे मिटून बसले होते, ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना करताहेत. नंतर समजलं, ते माझ्या लाल पेनाने सुधारलेली वाक्यं पाठ करत होते.

ईस्टरला पहाटेची उपासना झाली, सगळ्यांनी सगळ्यांना शुभेच्छा दिल्या. भास्करभाऊ दुपारी गेले. मी घरी जेवणं आवरून गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. जरा मोठा केक केला होता, म्हटलं येताना सगळी इकडे वळली तर. संध्याकाळी पाचला ते आले, एकटे, हातात पिशवी तशीच. खुर्चीवर बसले आणि पिशवी मांडीवर घेतली.

"नव्हती घरी?" मी विचारलं.

"वॉचमन बोलला," ते म्हणाले. "बोलला, वो लोग तो गये साब, पंधरा दिन हो गये. ऑस्ट्रेलियाला गेली. कायमची. घर विकलंनी."

पंधरा दिवस. म्हणजे पहिल्या बुधवारी ती होती. दुसऱ्या बुधवारी होती, तिसऱ्याही. चौथ्या बुधवारी, आम्ही दार उघडलंच नाही तर काय ह्याचा विचार करत बसलो होतो, तेव्हा ती खारघरला बॅगा भरत होती. मी बोटांवर हिशेब केला. मी म्हणाले, "भाऊ, प्रभूची वेळ असते." हे वाक्य मी आयुष्यात शेकडो लोकांना ऐकवलं असेल. त्या दिवशी ते म्हणताना मला स्वतःची शिसारी आली.

त्यांनी मान डोलावली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमची काय चूक नाय बाई. आठ वर्षं मीच गेलो नाय." मी शिवी मागत होते आणि तो माणूस मला सोडून देत होता. मी तेही घेतलं. 'नाही हो, चूक माझीच' हे शब्द जिभेवर आले होते. मी त्यांना केक देऊ का विचारलं.

पुढच्या बुधवारी सहाला दार वाजलं. भास्करभाऊ, वही घेऊन. "आता पुढं काय लिवायचं?"

शलोमीच्या एका मैत्रिणीकडून मी तिकडचा फोन नंबर मिळवला. त्यांनी तो वहीत लिहून घेतला, पण लावला नाही. मी दोनदा विचारलं, ह्या वेळी खरंच फक्त विचारलं. ते म्हणाले, "फोनवर माफी मागत नसतात. तोंड दिसायला पायजे." पासपोर्ट काढायचा म्हणून त्यांनी फॉर्म आणला होता. श्रावणात, वर्कशॉपमध्ये डबा खाताना, ते बाजूला कलंडले. डॉक्टर म्हणाले हृदय. शलोमीला मैत्रिणीने कळवलं, पण मुलगी लहान, व्हिसाची काही भानगड, ती मातीला पोचू शकली नाही. वही माझ्याकडेच राहिली होती. ती मी कपाटात ठेवली, कपड्यांखाली.

पुढच्या लेंतात शलोमी आली, सुकापूरची खोली आवरायला. शेजाऱ्यांनी सांगितलं होतं की पप्पा दर बुधवारी बाईंकडे जायचे, म्हणून माझ्याकडे आली. तीच ती पाचवीतली, फक्त केस मागे ओढून बांधलेले आणि डोळ्यांखाली काळं. बसली, पाणी प्यायली आणि विचारलं, "बाई, पप्पा माझ्याबद्दल कधी काही बोलायचे का?"

मला नियम आठवला. आपल्याकडे बोललेलं आपल्यापाशीच. किती सोयीचा नियम आला बघा धावून. मी म्हणाले, "अगं, ते बोलणं आमच्यातलं, मला सांगता येत नाही." तिचा चेहरा मला बघवेना, मग मी थोडं दिलं. "त्यांना तुझ्याकडे यायचं होतं. सहा आठवडे तयारी करत होतो आम्ही. ईस्टरला आले होते, पण तू गेली होतीस."

मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. तिने हातातला पेला खाली ठेवला.

"सहा आठवडे," ती म्हणाली. "सुकापूरहून खारघर किती लांब आहे, बाई? माझ्या दारात यावं की नाही, हे ठरवायलाच पप्पांना सहा आठवडे लागले."

तेव्हा बोलायला हवं होतं. त्यांना सहा मिनिटंही लागली नव्हती, सहा आठवडे मला लागले होते. एवढं एकच वाक्य. मी ओठ मिटून बसले आणि मेलेल्या माणसाच्या खात्यावर माझी चूक जाऊ दिली. ती म्हणाली, जाण्याआधी एकदा सुकापूरला जावं असं तिलाही वाटलं होतं, पण पायरी चढायची हिंमत झाली नाही. मग उठली, माझ्या पाया पडली आणि गेली. जो नियम पाळायचा तो मी मोडला होता आणि जो मोडायचा तो इमानेइतबारे पाळला.

त्यानंतरचे लेंत आले तसे गेले. सुकापूरला भास्करभाऊंची चाळ पाडून सात मजली इमारत झाली. विमानतळासाठी डोंगर फोडायला लागले, दुपारी सुरुंग उडाला की माझ्या कपाटाची काच थरथरते. आत कपड्यांखाली वही. कोचिंगचं काम मी सोडून दिलं, कोणी विचारलं तर तब्येतीचं कारण सांगितलं. लोक म्हणायचे, बाई किती मायेने ऐकायच्या. ऐकून घ्यायची मी तेही.

यंदा नवे पाळक आलेत, तरुण आहेत, उत्साही आहेत. त्यांना लेंतात कोचिंगचा गट परत सुरू करायचाय. घरी आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही मंडळीतल्या पहिल्या. नव्या मुलांना तुमचा अनुभव सांगा." मी म्हणाले, बघते. ते गेल्यावर वही काढली. सात वर्षांत पहिल्यांदाच उघडली असं खोटं म्हणवत नाही, कारण मी ती दर लेंतात उघडते. तपासणाऱ्याचा रकाना अजून रिकामा आहे. बाकी सगळीकडे माझं लाल पेन.

मनात आलं, नव्या मुलांना अनुभव सांगण्याआधी तो जिचा आहे तिला सांगायला हवा.

काल दुपारी दोनला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, मागे भांड्यांचा आवाज येत होता. शलोमीने आवाज ओळखला. "बाई? तुमची तब्येत बरी आहे ना?" मी म्हणाले, "तब्येतीला काय धाड भरलीय. बस जरा. मला तुला एक सांगायचंय, मध्ये बोलू नकोस." आणि सांगितलं. पांढरा शर्ट, हनुवटीवरचा कापा, साडेसहा वाजलेले, नाक्यावरची रिक्षा. ते म्हणाले आत्ता जातो, आणि मी म्हणाले थांबा. सहा आठवडे त्यांचे नव्हते, माझे होते. दर बुधवारी ते विचारायचे, जाऊ का, आणि मी नाही म्हणायची. तू माझ्यासमोर बसून त्यांना दोष दिलास तेव्हाही मी गप्प बसले. क्षमा कर, असं म्हणायचं ठरवलं होतं. ते शेवटी म्हणाले की राहूनच गेलं, आता आठवत नाही.

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला होता.

"पप्पा आत्ता जातो म्हणाले, तो राखेचा बुधवार ना?" तिने विचारलं.

"हो."

"लहानपणी त्या दिवशी पप्पा डेपोतून लवकर यायचे, मला उपासनेला न्यायला. वर्षातून तेवढा एकच दिवस लवकर यायचे," ती म्हणाली. "लग्नानंतरही मी दर वर्षी त्या दिवशी अर्धी रजा टाकायची, बाई. घरी बसून राहायची. त्या वर्षीही मी घरी होते. आठ वाजेपर्यंत दार उघडं ठेवून बसले होते."